२१ गिअर आणि दोन गुडघे: सायकल पुन्हा सुरू करतोय, सल्ला हवा

गंजका_स्टँड
नमस्कार मंडळी. वय ४६. शेवटची सायकल चालवली ती दहावीत, तीही बिनगिअरची. गेल्या महिन्यात भाचा परगावी गेला आणि जाताना आपली २१ गिअरची सायकल माझ्याकडे टाकून गेला. म्हणाला, "मामा, नुसतं पडून राहण्यापेक्षा वापरात येईल." हे तो सायकलबद्दल म्हणाला की माझ्याबद्दल, ते विचारायचं राहून गेलं.

चार दिवस सकाळी बाहेर पडलो. अवस्था अशी: ४ किलोमीटरमध्ये धाप, गुडघ्यांच्या वाट्या ठणकतात, तळहातांना मुंग्या येतात, आणि बसण्याच्या जागेबद्दल न बोललेलं बरं. गिअरचं म्हणाल तर पुढची सगळ्यात मोठी चकती आणि मागची सगळ्यात लहान, अशी एकच जोडी धरून आहे. त्यात सायकल 'पळते'. बाकी गिअरमध्ये पाय नुसतेच गरगर फिरतात आणि आपण काही करतोय असं वाटत नाही.

तर प्रश्न असे. यात माझा दोष किती आणि सायकलचा किती? २१ गिअर असतात तरी कशाला? आणि तिसरा जरा पोरकट आहे: उभी सायकल सोडली की आडवी होते, मग चालती का पडत नाही? शाळेत विचारलं होतं तेव्हा "वेग असतो म्हणून" असं उत्तर मिळालं होतं. अजून पचलेलं नाही.

शर्यती वगैरे मारायच्या नाहीत. रविवारी तास-दोन तास मजेत भटकता आलं तरी खूप झालं.

उनाडचाक
एकच सांगा. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतात का?

गंजका_स्टँड
हो, पूर्ण तळवे टेकतात. म्हणूनच तर जरा धीर येतो.

उनाडचाक
सापडला चोर! सीट खाली आहे. पायडल वर येतं तेव्हा गुडघा जरुरीपेक्षा जास्त दुमडतो आणि त्याच अवस्थेत तुम्ही त्याच्यावर जोर देता. वाटी ठणकणार नाही तर काय होईल?

भिंतीला हात टेकून सीटवर बसा. एक पायडल पार खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलंडता कामा नये. तेवढी सीट वर घ्या. चालवताना टाच नाही, चवडा ठेवायचा, म्हणजे गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा. बसल्या बसल्या पाय टेकायची सवय मोडायला आठवडा लागेल.

आणि सीटच्या नळीवर कमाल उंचीची खूण कोरलेली असते. ती खूण बाहेर दिसेल इतकी वर ओढू नका.

निवांत_घंटी
+१. मला उलटा त्रास होता. उत्साहात सीट फार वर घेतली आणि गुडघ्याच्या मागची शीर धरली. गुडघा पुढून दुखला तर सीट जास्त खाली आहे, मागून दुखला तर जास्त वर आहे, असं ढोबळ गणित धरा. एका वेळी अर्धा सेंटिमीटरच हलवायची आणि दोन-तीन फेऱ्या बघायचं.

ग्रीसबोटे
आता गिअर. थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

बऱ्याच २१ गिअरच्या सायकलींना पुढे ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या तीन चकत्या असतात, मागे १४ पासून २८ दात्यांपर्यंत सात. तुमच्या सायकलीचे दाते एकदा स्वतः मोजा, मजा येते. पुढचे भागिले मागचे केलं की पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती वेळा फिरतं ते कळतं. ४२ भागिले १४ म्हणजे ३. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर धरला तर एका फेऱ्यात ६.३ मीटर. दुसरं टोक २४ भागिले २८, म्हणजे एका फेऱ्यात जेमतेम १.८ मीटर. ६.३ मीटरचा गिअर उतारासाठी, १.८ मीटरचा चढासाठी. तुम्ही सपाटीवर आणि थंड पायांनी उताराचा गिअर रेटताय.

माझ्या अंदाजाने तुमचे पाय मिनिटाला ४० वेळा फिरत असतील. ४० गुणिले ६.३, म्हणजे ताशी १५ किलोमीटर. आता पुढे ३४ आणि मागे २० लावा. एका फेऱ्यात साधारण ३.५७ मीटर. पाय मिनिटाला ७५ वेळा फिरवले तर वेग येतो ताशी १६. सायकल तेवढीच पळते, पण दर फेऱ्याला गुडघ्यावर येणारा जोर जवळपास निम्मा होतो. "पाय नुसतेच गरगर फिरतात" ही तुमची तक्रार नाही, तेच तुमचं औषध आहे.

गंमत म्हणजे २१ गिअर २१ नसतातच. ४२ ला २८ ने भागा, दीड. २४ ला १६ ने भागा, पुन्हा दीड. तोच गिअर दोनदा! शिवाय दोन्हीकडे चेन तिरकी ओढली जाते, घासते, लवकर झिजते. ३४ आणि २२ ची जोडी लावली की जवळपास तोच गिअर सरळ चेनवर मिळतो. म्हणून नवख्याने पुढची मधली चकती धरायची आणि मागचे सात बोटाने खेळवायचे. बाकीच्या दोन चकत्या मोठ्या चढ-उतारासाठी.

गिअर बदलताना पाय फिरत राहू द्या, पण जोर ढिला सोडा. आणि चढ लागायच्या आधी बदला, अर्ध्या चढावर जीव चाललेला असताना नाही. तेव्हा बदलला की 'खडाड्' असा आवाज येतो, त्यात चेनचं रडणं असतं.

एकगिअरी
एवढं गणित करून सायकल चालवायची म्हणजे पोहायच्या आधी पाण्याचं रसायनशास्त्र शिकण्यासारखं आहे. मी ३० वर्षं बिनगिअरची चालवतोय. चढ आला की उतरायचं, ढकलत न्यायची. बिघडायला काही नाही, विचार करायला काही नाही.

ग्रीसबोटे
@एकगिअरी, चढ आला की उतरायचं हा पण एक गिअरच झाला की. फक्त पायात चप्पल असलेला.

एकगिअरी
:) मान्य. पण तो कधी सटकत नाही.

पाटीवरचा_खडू
@ग्रीसबोटे, सुंदर. थोडी जोड देतो.

१८७० च्या दशकातली ती उंच चाकाची सायकल आठवा, पुढे भलंमोठं चाक आणि मागे चिमुकलं. ते चाक एवढं मोठं का? पायडल थेट त्याच चाकाला जोडलेलं होतं. एका फेऱ्यात चाकही एकदाच फिरणार, मग जास्त अंतर हवं असेल तर चाकच मोठं करा. मर्यादा एकच, स्वाराच्या पायाची लांबी! आणि पुढे आपटलं की माणूस थेट डोक्यावर. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' आणली. चेन लावून मागचं चाक फिरवलं आणि पुढे-मागे दाते कमी-जास्त केले. लहान चाकानेच मोठ्या चाकाचं काम झालं. आज रस्त्यावर दिसणारी सायकल मुळात तीच. तिला 'सेफ्टी' म्हणत ते उगीच नाही.

इंग्रजी मापात गिअर अजूनही इंचांत सांगतात, ती त्याच उंच चाकाची आठवण. धागाकर्त्याचा ४२/१४ आणि २६ इंची चाक म्हणजे ७८ इंचांचा गिअर. थोडक्यात साहेब रोज सकाळी दोन मीटर उंचीचं चाक पायाने लोटत होते.

गंजका_स्टँड
दोन मीटर! घरात वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "तरीच."

भीती_जास्त
सगळे इतकं पुढचं बोलताय, मला विचारायला संकोच वाटतोय. मी ५३ वर्षांची आहे आणि मला सायकल येतच नाही. लहानपणी पडले, त्यानंतर कुणी बसवलं नाही. या वयात जमेल का? मागून धरून पळायला आता कोण येणार?

उनाडचाक
ताई, अजिबात संकोच करू नका. आणि मागून कुणी धरायचं नाहीच. त्यात तोल धरणाऱ्याला शिकायला मिळतो, बसणाऱ्याला नाही.

दोन्ही पायडल काढून टाका. सीट इतकी खाली घ्या की तळवे आरामात टेकतील. (हो, वर मी उलटं सांगितलं आहे. शिकताना हाच नियम.) मोकळी सपाट जागा बघा. आधी बसून चालत जा, मग ढांगा टाका, मग दोन ढांगांच्या मधे पाय उचलून घरंगळत जा. नजर लांब, चाकाकडे नाही. तीन-चार सेकंद पाय वर राहायला लागले की ब्रेकचा सराव करा. मग पायडल परत लावा. माझ्या मावशी साठीत याच पद्धतीने शिकल्या. तिसऱ्या दिवशी त्या थांबेनात, हाका मारून बोलवावं लागलं.

पाटीवरचा_खडू
यात इतिहासाची पुनरावृत्तीच आहे, ताई. १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल फॉन ड्राइस याने जे दुचाकी यंत्र चालवलं त्याला पायडल नव्हतंच. पायाने जमीन ढकलायची आणि घरंगळायचं. आधी तोल, पायडल पुढच्या पिढीत. माणसाने ज्या क्रमाने सायकल शोधली त्याच क्रमाने तुम्ही शिकणार.

भीती_जास्त
किती धीर आला सांगू! भाचीची सायकल मागते. पण पायडल काढायला गेले तर डावं निघतच नाही असं ऐकलंय?

ग्रीसबोटे
निघतं, पण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवं नेहमीसारखं डावीकडे फिरवून सुटतं, डावं उजवीकडे फिरवून. लक्षात ठेवायला सोपं: पाना पायडलवर उभा, मूठ वर आकाशाकडे ठेवा आणि सायकलच्या मागच्या बाजूला ओढा. दोन्ही बाजूंना हेच. लावताना हाताने तीन-चार आटे सहज बसले पाहिजेत, मगच पाना. जबरदस्ती केली तर क्रँकचे (पायडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याचे) आटे जातात आणि क्रँक बदलावा लागतो. डावं-उजवं लिहिलेलंही असतं, इंग्रजी अक्षरांत.

कुतूहल_कायम
उलटे का पण? पायडल पुढे फिरतं, त्या घर्षणाने सुटेल म्हणून ना?

ग्रीसबोटे
हेच सगळे सांगतात आणि हेच चूक आहे. बेअरिंगच्या घर्षणाने सुटायचं असतं तर सध्याच्या आट्यांवर दोन्ही पायडल रोज सुटून पडली असती, कारण घर्षण त्यांना सोडवण्याच्याच दिशेने ओढतं!

खरं कारण वेगळं आहे. सैलसर अंगठीत पेन्सिल घाला. पेन्सिल एका बाजूला दाबून तो दाब अंगठीच्या कडेने गोल गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेला सरकत जाते. पायडलचा आस आणि क्रँकचं भोक यांच्यात केसाएवढी फट असतेच, आणि तुमचा पाय नेहमी खालीच दाबतो. क्रँक फिरला की तो दाब भोकाच्या कडेने फिरतो आणि आस हळूहळू सरकतो. हा जोर घर्षणापेक्षा बराच मोठा असतो. आटे असे ठेवलेत की हे सरकणं पायडलला आवळत जाईल.

कुतूहल_कायम
आत्ता पेन आणि टेपची रिकामी रीळ घेऊन करून बघितलं. खरंच उलटं फिरतं!! ऑफिसात सगळे बघतायत.

गंजका_स्टँड
माझा तिसरा प्रश्न कुणी घेतला नाही बरं का.

भौतिकवेडी
मी त्याचीच वाट बघत होते.

सोपी बाजू आधी. सायकल पडू लागते त्या बाजूला आपण हँडल वळवतो, त्यामुळे चाकं पुन्हा आपल्या खाली येतात. तळहातावर काठी उभी धरताना हात हलवतो तसंच. थांबलेल्या सायकलला हे करता येत नाही, कारण हँडल वळवलं तरी चाकं सरकत नाहीत. तुमच्या शिक्षकांचं "वेग असतो म्हणून" अर्धं बरोबर होतं.

गंमत पुढे आहे. रिकामी सायकल ढकलून दिली तरी काही अंतर आपली आपण सरळ जाते, हँडल आपोआप वळत राहतं. हे कसं? खूप वर्षं उत्तर होतं: फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं दुसरं चाक बसवून तो परिणाम मारून टाकला. तरी त्याला ती चालवता आली. मग दुसरं उत्तर पुढे आलं: हँडलच्या आसाची रेघ खाली वाढवली तर ती जमिनीला जिथे भेटते, त्याच्या थोडं मागे टायर टेकतो, म्हणून ते सामानाच्या ढकलगाडीच्या चाकासारखं मागे मागे येतं. पण २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या मंडळींनी हे दोन्ही परिणाम काढून टाकलेलं एक यंत्र केलं, आणि तेही ढकलल्यावर स्वतःचा तोल सांभाळत गेलं! त्यात वजनाची मांडणी अशी होती की पुढचा भाग मागच्यापेक्षा लवकर पडू पाहतो आणि पडतानाच हँडल त्या बाजूला वळवतो.

म्हणजे भोवरा, आसाचा कल, वजनाची मांडणी, सगळ्यांचा हातभार लागतो, पण यातलं एकच कारण असं बोट ठेवता येत नाही. प्रश्न पोरकट अजिबात नव्हता.

एकगिअरी
२०११ पर्यंत भांडत होते आणि आम्ही हात सोडून चालवत होतो.

भौतिकवेडी
@एकगिअरी, तुम्हाला अजून एक धक्का देते. उजवीकडे वळताना तुम्ही आधी हँडल डावीकडे वळवता.

एकगिअरी
काहीही!

भौतिकवेडी
मोकळ्या मैदानात, बऱ्यापैकी वेगात, उजव्या मुठीला तळहाताने हलकेच पुढे ढकला. सायकल उजवीकडे झुकेल आणि उजवीकडेच वळेल. उद्या सांगा.

एकगिअरी (दुसऱ्या दिवशी)
केलं. आता वळायचीच भीती वाटतेय. ३० वर्षांत एकदा विचार केला नव्हता तेच बरं होतं.

निवांत_घंटी
शंभरपायी किड्याला कुणीतरी "आधी कुठला पाय टाकतोस" विचारलं होतं तसं झालं तुमचं. होईल ठीक :)

धाग्याकडे परत येते. तळहातांच्या मुंग्या: सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर माणूस पुढे घसरत राहतो आणि सगळं वजन हातांवर येतं. सीट आडवी सपाट करा, कोपरं सैल ठेवा, मुठी आवळू नका, दर थोड्या वेळाने हात हलवा. बसण्याची जागा: पहिले दहा-बारा दिवस दुखणारच. पण त्यावर जाड गुबगुबीत गादी हा उपाय नाही. वजन बसायच्या दोन हाडांवर यायला हवं. मऊ गादीत हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो.

चेन_उतरली
सगळे गिअर-भौतिकशास्त्र करताय, हवेचं कुणी विचारलं का? महिनाभर पडून असलेली सायकल म्हणजे टायर बसलेले असणार. ट्यूब पंक्चर नसली तरी हवा झिरपत राहते. टायरच्या बाजूवर किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ते छापलेलं असतं. कमाल आकडा म्हणजे 'एवढी भराच' असा हुकूम नाही. जाड टायरला डांबरी रस्त्यावर साधारण ४० च्या आसपास चालतं, वजनदार माणसाला थोडी जास्त. कमी हवेत खड्ड्यात गेलात तर रिम आणि रस्ता यांच्या चिमट्यात ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी.

पंक्चर काढताना नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. मी एकदा न फिरवता तीन वेळा पंक्चर काढलं. एकाच काट्याचं.

ग्रीसबोटे
आणि चेन. फडक्याने पुसा, तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीला आतल्या बाजूने, दहा मिनिटांनी बाहेरचं तेल पुन्हा पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर राहिलं तर धूळ धरतं. चेन 'ताणली' म्हणतात ती ताणत नाही, पिना झिजतात. पट्टी लावून बघा: नव्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढची २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर येते. १/१६ इंच वाढली की चेन बदला. १/८ झाली तर मागचे दातेही तिच्याबरोबर गेले समजा.

हलकी_फ्रेम
या सगळ्यापेक्षा सरळ हलकी सायकल घ्या. भाच्याची ती नक्कीच १५ किलोची असणार. फरक जाणवेल.

भौतिकवेडी
माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरले, तर २ किलो वाचवून चढावर दोन टक्क्यांच्या आसपास फायदा. सपाटीवर जवळपास शून्य. तिथे भांडण हवेशी असतं. तुमचा वेग १५ आणि समोरून वारा १५, म्हणजे अंगावर ३० चा वारा. रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौपट. कोपरं वाकवून थोडं खाली झुकलात तर फुकटात फायदा.

चेन_उतरली
वारा मात्र जातानाही समोरून आणि येतानाही समोरूनच असतो, त्याचं काय?

निवांत_घंटी
पाठीवरचा वारा कळत नाही, तेव्हा आपल्याला वाटतं आज आपली तब्येत छान आहे. म्हणून निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, दमल्यावर तो घरी सोडतो.

एक राहिलं. ब्रेक. पुढचा ब्रेक म्हणजे आपटणारच अशी भीती घालतात, आणि लोक नुसता मागचा दाबतात. थांबताना वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. खरं थांबवतो तो पुढचाच. दोन्ही एकत्र, हळूहळू वाढवत दाबा, अंग थोडं मागे रेलून. कुठली मूठ कुठल्या चाकाची हे सगळ्या सायकलींना सारखं नसतं, भाच्याची आहे तेव्हा आधी उभ्यानेच बघून घ्या.

भीती_जास्त
सहावा दिवस. सहा सेकंद पाय वर!! मोजले. मग झुडपात गेले, पण ते ब्रेक विसरले म्हणून. खरचटलंय, हसू थांबत नाहीये.

उनाडचाक
ताई, दंडवत.

गंजका_स्टँड (तीन आठवड्यांनी)
धागा वर काढतोय. सीट चार बोटं वर गेली, मधली चकती धरली, हवा भरली. गेल्या रविवारी १८ किलोमीटर. धाप लागली पण बोलता येत होतं. गुडघे गप्प आहेत. सीटला अजून मी आवडत नाही, पण ओळख झाली आहे.

आता नवीन कटकट. दर फेऱ्याला एकदा 'टिक' असा बारीक आवाज येतो. पायडल थांबवलं की बंद. उजव्या बाजूने. पायडल काढून (पाना वर, मागे ओढून!) ग्रीस लावून पुन्हा बसवलं, क्रँक आवळला, चेन पुसली. आवाज तसाच. काल रात्री अर्धा तास कान लावून हाताने पायडल फिरवलं, तेव्हा मात्र काहीच वाजत नाही.

ग्रीसबोटे
हाताने फिरवल्यावर येत नाही, वर बसल्यावरच येतो? तळाचं बेअरिंग असू शकतं, वजन पडल्यावरच बोलतं. किंवा सीटची नळी, तिला पुसून ग्रीस लावा. उभं राहून चालवून बघा. तेव्हा थांबला तर सीट.

गंजका_स्टँड
उभं राहूनही येतो.

चेन_उतरली
मागच्या चाकाचा आरा सैल असेल. पण मग तो पायडलच्या फेऱ्याशी जुळणार नाही.

भीती_जास्त
मला यातलं काही कळत नाही, पण तुम्ही बूट कुठले घालता? माझ्या उजव्या बुटाच्या लेसचं प्लॅस्टिकचं टोक परवा सारखं त्या दांड्यावर आपटत होतं.

गंजका_स्टँड
थांबा, खाली जाऊन येतो.

गंजका_स्टँड
लेसच.